दोन भिंती जिथे भेटतात : संगणकाच्या पडद्यावरील एका कोपऱ्याचा इतिहास

१/
घराच्या नकाशात सर्वांत कमी लक्ष जाणारी जागा म्हणजे दोन भिंतींचा सांधा. दारे, खिडक्या, जिने यांची चर्चा होते. कोपऱ्याची होत नाही. वास्तुरचनेसाठी संगणक वापरण्याच्या इतिहासात मात्र ही जागा वारंवार समोर येते. भिंत काढणे संगणकाला लवकर जमले. दोन भिंती एकमेकींना भेटल्यावर नेमके काय होते, हे त्याला शिकवण्यात जवळजवळ चार दशके गेली. नकाशातील सांधे ‘साफ’ करण्याचे हे वरवर किरकोळ दिसणारे काम कसे बदलत गेले आणि त्यातून बांधकामाविषयी काय कळते, हा या थ्रेडचा विषय आहे.

२/
आधी प्रश्न समजून घेऊ. साध्या नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेषा. अशा दोन भिंती मुख्यतः तीन प्रकारे भेटतात. दोन्ही टोकाशी मिळाल्या, तर इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा कोपरा होतो. एकीचे टोक दुसरीच्या मध्यावर येऊन थांबले, तर ‘टी’. दोन्ही एकमेकींना छेदून पुढे गेल्या, तर चौक. ‘टी’मध्ये सलग जाणाऱ्या भिंतीची जवळची कड दुसऱ्या भिंतीच्या रुंदीइतकी तोडावी लागते, चौकात चारही रेषांचा मधला तुकडा काढावा लागतो. हे तुकडे तसेच राहिले, तर एका भिंतीच्या पोटातून दुसऱ्या भिंतीची कड आरपार गेली आहे, असे नकाशा सांगू लागतो. विटांच्या बांधकामात असे कधी घडत नाही.

३/
कागदाच्या काळात हे काम ड्राफ्ट्समनचे होते. टी-स्क्वेअर आणि सेट स्क्वेअर लावून आधी पेन्सिलीने भिंतींच्या रेषा लांबच्या लांब आखायच्या, कोणती कुठे थांबते ते ठरवायचे आणि मग ट्रेसिंग पेपरवर शाईने तेवढाच भाग गिरवायचा. शाई चुकून पुढे गेली, तर ब्लेडच्या पात्याने ती खरवडून काढायची. दिसायला हे यांत्रिक काम. पण रेषा कुठे थांबवायची, हे ठरवणाऱ्याला बांधकामाची जाण लागत असे. ती जाण कागदावर कुठेही लिहिलेली नसे. ती ड्राफ्ट्समनच्या हातात असे आणि नकाशात तिचा केवळ परिणाम दिसे.

४/
याच कोपऱ्याचा दुसरा हिशेब एस्टिमेट करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. एक खोली आतून ५ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद घ्या. भिंत ३० सेंटिमीटर जाड, उंची ३ मीटर. चारही भिंती बाहेरून बाहेर मोजल्या, तर एकूण लांबी भरते २०.४ मीटर आणि बांधकाम १८.३६ घनमीटर. प्रत्यक्षात लागते १७.२८ घनमीटर. फरक १.०८ घनमीटरचा. हा फरक येतो कुठून? चारही कोपऱ्यांतला ३० बाय ३० सेंटिमीटरचा खांबासारखा भाग दोनदा मोजला गेला. १९ × ९ × ९ सेंटिमीटरची वीट मसाल्यासह धरली, तर घनमीटरला सुमारे ५०० विटा बसतात. म्हणजे एकाच खोलीत सुमारे ५४० विटा केवळ कागदावर जास्त.

५/
ही चूक टाळण्याच्या दोन रीती भारतातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवल्या जातात. पहिली लांब भिंत-आखूड भिंत पद्धत : दोन भिंती बाहेरून बाहेर मोजायच्या, उरलेल्या दोन आतून आत. वरच्या खोलीत ५.६ मीटरच्या दोन आणि ४ मीटरच्या दोन, एकूण १९.२ मीटर. दुसरी मध्यरेषा पद्धत : जाडीच्या मधोमध रेषा धरून मोजायचे. ५.३ मीटरच्या दोन आणि ४.३ मीटरच्या दोन, तरीही एकूण १९.२ मीटर. मध्ये आडवी भिंत आली, तर मात्र प्रत्येक ‘टी’ सांध्यापाशी भिंतीच्या जाडीचा निम्मा भाग वजा करायचा. उत्तर दोन्हीकडे एकच; पण कोपरा कोणाच्या वाट्याला जातो, याचे उत्तर वेगळे. पहिल्या रीतीत तो पूर्णपणे लांब भिंतीचा, दुसरीत निम्मा-निम्मा. हा फरक लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

६/
आता संगणकाकडे वळू. १९६३ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने डॉक्टरेटसाठी ‘स्केचपॅड’ नावाची प्रणाली सादर केली. लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढता येत. तिचे खरे महत्त्व चित्रात नव्हते. दोन रेषा एका बिंदूत मिळाल्या, तर तो बिंदू दोघींचा सामाईक आहे, याची नोंद संगणकाच्या स्मृतीत राहत असे. बिंदू हलवला की दोन्ही रेषा त्याच्याबरोबर हलत. कागदावरच्या दोन रेषा केवळ एकमेकींजवळ असतात. स्केचपॅडमधल्या रेषांना आपण जोडलेल्या आहोत, हे ‘माहीत’ होते.

७/
म्हणजे कोपरा ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे, हे संगणकीय आरेखनाच्या अगदी आरंभीच मान्य झाले होते. अडचण पुढची होती. रेषेला जाडी नसते, भिंतीला असते. दोन रेषा बिंदूत भेटतात. दोन भिंती एका क्षेत्रात भेटतात आणि त्या क्षेत्रावर दोघींचाही दावा असतो. शिवाय भिंत एकाच पदार्थाची नसते. बाहेरचा गिलावा, मधली वीट, आतला गिलावा असे थर असतात आणि प्रत्येक थराचा कोपऱ्यातला प्रवास वेगळा असतो. सामाईक बिंदूची कल्पना एवढ्यासाठी पुरेशी नव्हती.

८/
जाडीचा प्रश्न घनाकृतींच्या संशोधनाने हाती घेतला. केंब्रिजमध्ये इयन ब्रेड यांनी १९७३ साली पूर्ण केलेला प्रबंध या क्षेत्रातील आरंभीच्या कामांपैकी एक. दोन घनाकृतींची बेरीज, वजाबाकी किंवा दोहोंतला सामाईक भाग संगणकाने काढावा, ही त्यामागची दिशा. यंत्रांचे सुटे भाग तयार करणाऱ्यांना याचा मोठा उपयोग झाला. दोन भिंतींची अशी बेरीज केली, की कोपरा दोनदा मोजला जात नाही. पण बेरजेनंतर दोन भिंती उरतही नाहीत. एकच मोठा गोळा उरतो. त्यातील कोणता भाग कोणत्या भिंतीचा, वीट कुठे संपते आणि गिलावा कुठे सुरू होतो, हे पुसले जाते. वास्तुशास्त्राला भिंती जोडलेल्याही हव्या होत्या आणि वेगळ्याही.

९/
याच सुमारास पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात चार्ल्स ईस्टमन वेगळ्या बाजूने विचार करत होते. अमेरिकन वास्तुविशारदांच्या संस्थेच्या नियतकालिकात १९७५ साली त्यांचा एक लेख आला. इमारतीच्या आरेखनात नकाशांऐवजी संगणक वापरावा, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यांचे निरीक्षण साधे होते : इमारतीचा एकच भाग आराखड्यात, छेदात आणि तपशिलाच्या नकाशात पुन्हापुन्हा काढला जातो; तो एकदा बदलला की सगळीकडे बदलावा लागतो आणि कुठेतरी राहून जातो. म्हणून भागांची नोंद एकदाच करावी आणि नकाशे त्या नोंदीतून काढावेत. त्यांच्या या प्रणालीचे नाव ‘बिल्डिंग डिस्क्रिप्शन सिस्टिम’. आज ज्याला बिम म्हणतात, त्याच्या पूर्वजांत तिची गणना होते.

१०/
ही कल्पना विद्यापीठांतून कचेऱ्यांत पोहोचायला मात्र बराच काळ गेला. मधल्या काळात बाजारात आला तो ‘ऑटोकॅड’. १९८२ साली ऑटोडेस्क ही कंपनी स्थापन झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हे सॉफ्टवेअर वैयक्तिक संगणकांसाठी उपलब्ध झाले. महागड्या यंत्रांची गरज संपली आणि छोट्या कचेऱ्यांनाही संगणकावर नकाशे काढणे शक्य झाले. पण ऑटोकॅडच्या दृष्टीने भिंत असे काही नव्हते. तिथे रेषा होत्या, कंस होते, वर्तुळे होती. ईस्टमन यांना नकाशाची जागा संगणकाने घ्यायला हवी होती. प्रत्यक्षात संगणकाने घेतली ड्राफ्टिंग बोर्डाची जागा.

११/
त्यामुळे ब्लेड गेले आणि ‘ट्रिम’ आले. ‘ट्रिम’ने रेषा कापायची, ‘एक्स्टेंड’ने वाढवायची, ‘फिलेट’ने गोलाई द्यायची. गोलाईची त्रिज्या शून्य ठेवली, तर ‘फिलेट’ दोन रेषांचा नेमका कोपरा जुळवते, ही युक्ती ऑटोकॅडवर काम केलेल्या कोणालाही सांगावी लागत नाही. ‘एल’ कोपऱ्याला हे दोनदा : बाहेरच्या जोडीला एकदा, आतल्या जोडीला एकदा. ‘टी’ला दोन रेषांची टोके आणि तिसरीचा मधला तुकडा. चौकाला चार तुकडे. भिंत अर्धा फूट सरकवायची झाली, की हे सारे पुन्हा. एखाद्या कोपऱ्यात केसाइतकी फट राहिली, तर भिंतीत भरायचे हॅच बाहेर सांडे. पडद्यावर न दिसणारी चूक अशी उघडी पडे.

१२/
१९९४ च्या सुमारास आलेल्या तेराव्या आवृत्तीत ऑटोकॅडने ‘मल्टिलाइन’ दिली. एका वेळी अनेक समांतर रेषा काढायच्या आणि त्यांचे सांधे तयार साधनांनी जुळवायचे. त्या साधनांच्या चौकटीत चौकाचे तीन प्रकार, ‘टी’चे तीन प्रकार आणि कोपऱ्याचा एक असे सांधे चित्रांसह मांडले होते. प्रत्येक सांध्यासाठी तीन-तीन पर्याय का लागावेत? कारण दोन रेषासमूह भेटले, की कोणता सलग जाईल, कोणता तुटेल आणि कोणते आतले थर एकमेकांत मिसळतील, याची एकाहून अधिक बरोबर उत्तरे असतात. साधन उत्तर देत नव्हते. ते प्रश्न विचारत होते. प्रत्येक सांध्यावर माणसाने जाऊन उत्तर द्यायचे होते.

१३/
दरम्यान दुसरा प्रवाह पूर्व युरोपातून निघाला होता. १९८२ सालीच, हंगेरी समाजवादी राजवटीखाली असताना, बुडापेस्टमध्ये गाबोर बोयार यांनी सहकाऱ्यासह ‘ग्राफिसॉफ्ट’ सुरू केली. १९८४ मध्ये या कंपनीने अॅपलच्या ‘लिसा’ संगणकासाठी त्रिमितीय सॉफ्टवेअर तयार केले आणि काही वर्षांत ते ‘आर्किकॅड’ या नावाने मॅकिंटॉशवर स्थिरावले. इथे वापरणारा रेषा काढत नसे, भिंत उभी करत असे. तिला जाडी होती, उंची होती. आराखडा आणि छेद एकाच प्रतिकृतीतून निघत. ईस्टमन यांच्या कल्पनेशी नाते सांगणारी गोष्ट आता साध्या टेबलावरच्या संगणकावर चालत होती.

१४/
भिंत ही स्वतंत्र वस्तू झाली, तेव्हा सांधा संगणकाला स्वतः ओळखता येऊ लागला. आर्किकॅडमध्ये प्रत्येक भिंतीला एक संदर्भरेषा असते, बाहेरच्या कडेवर, आतल्या कडेवर किंवा मध्यावर. दोन भिंतींच्या संदर्भरेषा एकमेकींना नेमक्या भेटल्या, की प्रणाली त्यांना जोडलेल्या मानते आणि मधल्या रेषा आपोआप काढून टाकते. भिंती नुसत्या एकमेकींना चिकटून चालत नाही. त्यांच्या संदर्भरेषा भेटाव्या लागतात. सामाईक बिंदूची सदरलँड यांची कल्पना अशा रीतीने परत आली. फरक एवढाच, की आता त्या बिंदूभोवती जाडी होती. एस्टिमेटमधल्या मध्यरेषेची आठवण इथे यावी, हे स्वाभाविकच आहे.

१५/
१९९८ मध्ये ऑटोडेस्कनेही ऑटोकॅडवर बेतलेले ‘आर्किटेक्चरल डेस्कटॉप’ आणले. सांध्यांची साफसफाई हा शब्दप्रयोग तिथे अधिकृत झाला. भिंतीच्या गुणधर्मांत ‘क्लीनअप’ची स्वतंत्र नोंद होती. भिंतीच्या टोकाभोवती ठरावीक त्रिज्येचे एक अदृश्य वर्तुळ कल्पायचे. दुसऱ्या भिंतीची आधाररेषा त्यात आली, तर दोघींना जोडायचे. ज्या भिंतींनी एकमेकींत मिसळू नये, त्यांना वेगवेगळ्या गटांत ठेवायचे. आणि जिथे प्रणालीला उत्तर सापडत नसे, तिथे ती नकाशावर इशाऱ्याचे गोल चिन्ह उमटवत असे. आपल्याला काय कळले नाही, हे संगणकाने सांगण्याची ही पद्धत मोलाची होती. ब्लेडने खरवडलेल्या कागदावर असा इशारा कधी उमटला नव्हता.

१६/
या प्रणालींचा गाभा म्हणजे प्राधान्यक्रम. उदाहरण घेऊ : बाहेरची भिंत विटेची, दोन्ही अंगांना गिलावा. तिला आतून एक विटेचीच आडवी भिंत येऊन मिळते. बरोबर उत्तर असे, की आडव्या भिंतीची वीट बाहेरच्या भिंतीच्या आतल्या गिलाव्याला ओलांडून थेट विटेला भिडते. आणि दोन्ही भिंतींचे गिलावे कोपऱ्यात वळून एकमेकांना मिळतात. हे संगणकाने करावे, म्हणून प्रत्येक थराला क्रमांक द्यायचा. ज्याचे प्राधान्य मोठे, तो सलग जातो. दुसरा त्याच्यासाठी थांबतो. विशेष म्हणजे हे क्रमांक सर्वत्र सारखे चालत नाहीत. आर्किटेक्चरल डेस्कटॉपमध्ये लहान आकडा बलवान, तर आर्किकॅडमध्ये मोठा.

१७/
२००० सालच्या एप्रिलमध्ये ‘रेव्हिट’ची पहिली आवृत्ती आली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९९७ साली लिओनिड रेझ आणि अर्विन युंगराइस यांनी ही कंपनी स्थापन केली होती. दोघेही यंत्रभागांच्या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमधून आले होते, जिथे एक माप बदलले की त्यावर अवलंबून असलेले सर्व भाग बदलतात. तोच नियम त्यांनी इमारतीला लावला. भिंत सरकवली की तिला जोडलेल्या भिंती लांब-आखूड होतात, सांधा पुन्हा जुळतो, छेद बदलतो, विटांचे माप बदलते. २००२ मध्ये ऑटोडेस्कने ही कंपनी १३.३ कोटी डॉलरना विकत घेतली.

१८/
रेव्हिटने आकड्यांऐवजी थरांना कामे नेमून दिली. पहिला मान रचनेचा, म्हणजे भार पेलणाऱ्या गाभ्याचा. दुसरा त्यावरच्या आधारथराचा. तिसरा उष्णतारोधक वा हवेच्या थराचा. चौथा आणि पाचवा बाहेरच्या-आतल्या सजावटीचा. कोपऱ्याची रूपेही ठरवून दिली. एक भिंत सलग जाते आणि दुसरी तिच्या अंगाला येऊन थांबते, हे पहिले रूप. दोन्ही भिंती कोपऱ्याच्या कर्णावर तिरकस कापल्या जातात, हे दुसरे. आणि काटकोन नसलेल्या कोपऱ्यात भिंतीचे टोक चौकोनी कापले जाते, हे तिसरे. पहिल्या दोन रूपांकडे नीट पाहिले, तर जुनी ओळख पटते. पहिले म्हणजे लांब भिंत-आखूड भिंत पद्धत. दुसरे म्हणजे मध्यरेषा पद्धत. ड्राफ्ट्समन आणि एस्टिमेटर ज्या दोन वाटांनी जात होते, त्याच वाटा सॉफ्टवेअरच्या यादीत आल्या.

१९/
तरीही त्या यादीत एक पर्याय असा आहे, ज्याचे महत्त्व सहसा ध्यानात येत नाही : ‘जोडू नका’. कचेरीची इमारत बांधून, गिलावा-रंग होऊन पूर्ण झाली आहे. पाच वर्षांनी तिच्यात जिप्सम बोर्डाची आडवी भिंत घालायची आहे. ती येऊन थांबेल जुन्या गिलाव्यावर. कोणी गिलावा फोडून तिला विटेपर्यंत नेणार नाही. नकाशातला आकार आधीच्या उदाहरणासारखाच ‘टी’, पण उत्तर उलट. आधी तिथे वीट गिलाव्याला ओलांडत होती. आता गिलावा सलग राहतो. फरक आकारात नाही, काळात आहे : कोणते काम आधी झाले आणि कोणते नंतर. प्राधान्यक्रमाचे आकडे शेवटी बांधकामाच्या क्रमाचीच नोंद ठेवत असतात. तो क्रम संगणकाला भूमितीवरून कळत नाही. तो माणसानेच सांगावा लागतो.

२०/
एका प्रणालीतला सांधा दुसऱ्या प्रणालीत नेताना ही अडचण आणखी वाढते. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये इमारतीची माहिती देता-घेता यावी, म्हणून १९९० च्या दशकात कंपन्यांनी एकत्र येऊन आयएफसी हा सामाईक आराखडा तयार केला. पहिली आवृत्ती १९९७ ची. २०१३ मध्ये तो आयएसओ १६७३९ या क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्यात दोन भिंतींच्या जोडाची स्वतंत्र नोंद आहे. जोड भिंतीच्या आरंभी आहे, शेवटी आहे की मार्गात, हे तीत लिहिता येते आणि थरांचे प्राधान्यही. दोन्हीकडे टोक असेल तर ‘एल’, एकीकडे टोक आणि दुसरीकडे मार्ग असेल तर ‘टी’. ड्राफ्ट्समनच्या हातातली न लिहिलेली जाण आता आंतरराष्ट्रीय मानकात शब्दबद्ध झाली होती.

२१/
२०१३ सालीच आर्किकॅडच्या सतराव्या आवृत्तीने प्राधान्य भिंतीकडून काढून पदार्थाकडे दिले. वीट, काँक्रीट, गिलावा यांना ० ते ९९९ दरम्यानचा क्रमांक. भिंत, स्लॅब, तुळई कुठेही भेटल्या तरी पदार्थच ठरवणार कोण सलग जाईल. वर्षानुवर्षे हाताने केलेले काम एका तक्त्यात मावले. पण तक्ता भरणारा माणूस लागतोच. काँक्रीटच्या आधी विटेला मोठा क्रमांक दिला, तर शेकडो सांधे एकाच वेळी, अत्यंत सफाईने, चुकीचे जुळतात. ट्रिमच्या काळात चूक एका कोपऱ्यापुरती असे. आता ती संपूर्ण इमारतभर पसरू शकते.

२२/
यापेक्षाही मोठी मर्यादा वेगळी आहे. पडद्यावर दोन भिंतींमधली रेषा नाहीशी झाली, म्हणजे त्या एकमेकींत गुंतल्या असे होत नाही. गवंडी कोपरा बांधतो तेव्हा एका थरात एका भिंतीची वीट कोपऱ्याबाहेर जाते, पुढच्या थरात दुसरीची. उभे सांधे एकावर एक येऊ नयेत, म्हणून कोपऱ्याच्या विटेशेजारी विटेचा चिरलेला तुकडा बसवतो. भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस ४३२६ या भारतीय मानकात तर यासाठी क्रमही सांगितला आहे : काटकोनातल्या भिंतींचा पूर्ण बंध साधायचा, तर कोपरे आधी सुमारे ६०० मिलिमीटर उंचीपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी चढवावेत आणि मग मधली भिंत भरावी. नकाशातला सर्वांत स्वच्छ कोपराही यातले काही दाखवत नाही.

२३/
हा बंध नसला तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावेच्या गावे कोसळली. हजारो माणसे गेली. घरांच्या दगडी भिंती जाडजूड होत्या, पण मातीत रचलेल्या. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. कोपऱ्यांत एक भिंत दुसरीला धरून नव्हती. वर मातीचे जड छत. हादऱ्यात थर सुटले, भिंती एकमेकींपासून विलग झाल्या. कमकुवत दगडी बांधकामासाठीच्या आयएस १३८२८ या मानकात आरपार दगडांवर आणि कोपऱ्यांतल्या लांब दगडांवर जोर आहे, तो याच कारणासाठी. यातल्या एखाद्या घराचा आराखडा काढला असता, तर त्यावर कोपरा निर्दोषच दिसला असता : बाहेरची रेषा बाहेरच्या रेषेला, आतली आतल्या रेषेला मिळालेली.

२४/
सहा दशकांचा हा प्रवास म्हणून नुसत्या सोयीचा नाही. सदरलँड यांनी जोडाची नोंद केली, ईस्टमन यांनी भिंतीला नकाशातून वेगळे काढले, पुढच्या प्रणालींनी थरांना क्रम दिला आणि आयएफसीने तो क्रम सर्वांना वाचता येईल असा लिहिला. प्रत्येक टप्प्यावर एका अबोल कौशल्याचा थोडा भाग उघडपणे मांडला गेला. पण आधी कोण, नंतर कोण आणि कोण कोणाला धरून आहे, या प्रश्नांचे उत्तर प्रत्येक इमारतीत नव्याने द्यावे लागते.

२५/
जुन्या घराचा नकाशा किंवा नव्या इमारतीची संगणकीय प्रतिकृती हाती आली, तर नजर आधी कोपऱ्याकडे न्यावी. तिथे तीन प्रश्न विचारावेत. कोणती भिंत सलग गेली आहे? कोणता थर थांबला आहे? आणि हे प्रत्यक्षात त्याच क्रमाने बांधले गेले का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आज सॉफ्टवेअर देते. तिसऱ्यासाठी साइटवर जाऊन गवंड्याला विचारावे लागते.